नुसत्या बोलण्याने माणूस बरा होतो का?



‘फादर, नुसते बोलून काय होणार?’ हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंना वरचेवर ऐकावा लागतो. घरातील एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने उदास असते. झोप उडालेली असते, जेवणात लक्ष नसते, हाती घेतलेले काम पुरे होत नाही. अशा वेळी आपण सुचवतो, की तिला एखाद्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. त्यावर घरची मंडळी म्हणतात, ‘डॉक्टरने गोळी दिली तर समजू शकतो. पण तासभर समोरासमोर बसून गप्पा मारायच्या आणि त्याचे पैसे मोजायचे, याने आजार कसा जाईल?’ याउलट ज्यांना गुण आला आहे ते सांगतात, ‘जादूच झाली. प्रत्येकाने जायलाच हवे.’

एक म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो सारे काही होते. दोघेही मनापासून बोलतात. पण मनापासून बोललेले सारेच खरे असते असे नाही. मग खरे काय, हे कसे ठरवायचे?

हा केवळ डॉक्टरांचा प्रश्न नाही, तो नीतीचाही प्रश्न आहे. दुःखी माणसाला आपण सल्ला देतो तेव्हा त्याच्या वेळेची, पैशाची आणि मुख्य म्हणजे त्याच्याजवळ उरलेल्या थोड्याशा आशेची जबाबदारी आपण घेत असतो. निरुपयोगी उपायाकडे पाठवले तर ती आशा आपण वाया घालवतो. उपयोगी उपायापासून मागे खेचले तर त्याहून मोठे नुकसान करतो. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांना योग्य उपचार मिळतच नाहीत. बहुतेक जण उपचाराच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत, असाच याचा अर्थ.

श्रद्धेच्या दृष्टीने या दाराला कडी लावण्याचे कारण नाही. जुन्या करारातील सिराखपुत्राच्या ग्रंथात, ३८व्या अध्यायात, वैद्याचा मान राखा असे सांगितले आहे, कारण वैद्यही देवाचीच योजना आहे. पोप पायस बारावे यांनी १९५३च्या एप्रिल महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण करून त्यांच्या कार्याची दखल घेतली आणि त्याच्या नैतिक मर्यादाही सांगितल्या. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली तर धर्मसेवेच्या कार्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा उपयोग करावा, असे स्पष्टच म्हटले. प्रायश्चित्त संस्कार पापासाठी आहे. नैराश्य हे पाप नाही, तो आजार आहे. आजाराला पाप समजून वागवले तर रुग्णावर अन्याय होतो आणि संस्काराचाही अर्थ हरवतो.

तेव्हा जावे की नाही, हा आपला प्रश्न नाही. उपचाराने खरोखर काय साधते आणि ते कळते कसे, एवढाच प्रश्न आज आपण विचारात घेऊ.

साक्ष पुरेशी का नाही?

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा आपल्याला परिचित आहे. बरे झाले दहा, पण आभार मानायला परतला एकच. परत आलेल्यांवरून हिशेब केला असता तर दहांपैकी एकच बरा झाला असे ठरले असते. मानसोपचारात याच्या उलटे घडते. ज्यांना गुण येतो ते येत राहतात, चार जणांना सांगतात. ज्यांना गुण येत नाही ते दोन-तीन वेळा जातात आणि मग गुपचूप जाणे बंद करतात. त्यामुळे उपचार करणाऱ्यालाही आपले यश आहे त्याहून मोठे दिसते. यात कोणी खोटे बोलत नाही. पण न बोलणाऱ्यांची मोजणी झालेली नसते.

दुसरी गोष्ट काळाची. माणूस मदत मागायला जातो तो बहुधा अगदी असह्य झाल्यावर. पण मनाच्या दुखण्याला चढउतार असतात. सर्वात खालच्या पायरीवर असताना जो दार ठोठावतो, तो काही आठवड्यांनी थोडा वर आलेला असण्याची शक्यता तशीही जास्तच असते. मग वर आणले कोणी, उपचाराने की काळाने?

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५२ साली नेमका हाच प्रश्न केला आणि साऱ्या क्षेत्रात खळबळ उडाली. सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी असलेले २४ अहवाल त्यांनी तपासले. सौम्य मानसिक विकारांचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोनएक वर्षांत आपोआपच सुधारतात आणि मानसोपचार घेतलेल्यांचे प्रमाण त्याहून काही अधिक दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आयसेंक यांची तुलना सदोष होती. ज्या गटांची त्यांनी तुलना केली, त्यांतील माणसे आणि त्यांचे आजार सारखे नव्हते. पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता: उपचार न घेता किती जण बरे झाले असते, हे ठाऊक नसेल तर उपचाराने किती जण बरे झाले, हे तुम्ही कसे सांगणार?

चांगला हेतू आणि चांगला परिणाम

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, एवढा कीस कशाला काढायचा? प्रेमाने कोणाला आधार दिला तर त्यात वाईट काय होणार?’ याचे उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले आहे. तो मानसोपचाराचा काटेकोर प्रयोग नव्हता, मार्गदर्शनाचा आणि आधाराचा होता. पण समाजसेवा करणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा, असा आहे.

डॉ. रिचर्ड कॅबट हे बॉस्टनचे नामवंत डॉक्टर. मुले वाममार्गाला लागू नयेत, या तळमळीने त्यांच्या पुढाकाराने १९३९ साली बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक उपक्रम सुरू झाला. वय, घरची परिस्थिती, स्वभाव अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील कोणत्या मुलाला मदत द्यायची, हे नाणे उडवून ठरले. मदत मिळालेल्या मुलांकडे समुपदेशक सरासरी पाच वर्षे, महिन्यातून साधारण दोनदा जात राहिले. अभ्यासात मदत, आजारपणात औषधपाणी, सुट्टीत शिबिरे, घरच्यांशी बोलणे हे सारे झाले. दुसऱ्या मुलांना त्यातले काही मिळाले नाही.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या ५०६ जणांचा माग काढला. १९७८ साली तिने निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितले, की त्या उपक्रमाचा आम्हाला फायदा झाला. काहींनी समुपदेशकांची नावे प्रेमाने आठवली. पण नोंदी वेगळेच सांगत होत्या. मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत मदत मिळालेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले, गंभीर मानसिक आजार झालेले आणि अकाली मरण पावलेले अधिक होते. त्यांच्या बाजूने झुकणारे एकही माप सापडले नाही.

असे का झाले, याबद्दल आजही मतभेद आहेत. पण आपल्याला त्यातून एक गोष्ट घेता येईल. हेतू चांगला होता, माणसे प्रेमळ होती आणि ज्यांना मदत मिळाली ते कृतज्ञ होते. तरीही परिणाम चांगला नव्हता. नाणे उडवून दुसरा गट ठेवला नसता, तर हे कधीच कोणाला कळले नसते. सारेजण समाधानाने घरी गेले असते आणि तोच उपक्रम आणखी दहा गावांत सुरू झाला असता.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवत, की कृतीचा हेतू शुद्ध हवा. ते खरेच आहे. पण शेजाऱ्यावर प्रेम करायचे म्हणजे त्याचे भले इच्छायचे आणि त्याचे खरोखर भले होते आहे की नाही, हे पाहायचेही. परिणाम तपासायला नकार देणारे प्रेम हळूहळू स्वतःच्या समाधानाकडे वळते.

तपासणी कशी होते?

आज मानसोपचाराची परीक्षा साधारण अशी घेतात. सारखा त्रास असलेल्या व्यक्तींना सर्व माहिती देऊन त्यांची संमती घेतात. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला तो उपचार मिळतो, दुसऱ्याला नेहमीची वैद्यकीय सेवा किंवा दुसरा एखादा उपचार मिळतो. ठरावीक मुदतीनंतर दोन्ही गटांना एकाच मापाने मोजतात. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात होते, हे सांगितलेले नसते. आणि जे मध्येच सोडून गेले, त्यांनाही हिशेबात धरायचे असते. नाहीतर पुन्हा परत आलेल्या एका कुष्ठरोग्यासारखे होईल.

माप म्हणजे बहुधा प्रश्नावली. नैराश्यासाठी एक प्रसिद्ध प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, झोप कशी होती, थकवा होता का, जीव नकोसा झाला का, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण देतात. एकूण गुण २७. इथे आपले मन थबकते. विधवेचे दुःख, तरुण मुलगा गमावलेल्या बापाचे दुःख गुणांत मोजायचे? ही शंका योग्य आहे. आत्म्याची खोली कोणतीही प्रश्नावली मोजू शकत नाही आणि जी मोजते असे सांगेल, ती खोटी. पण ही प्रश्नावली तेवढा दावा करत नाही. माणूस झोपतो का, जेवतो का, कामावर जातो का, मरणाचा विचार करतो का, एवढेच ती विचारते. जो तीन महिने झोपलेला नाही त्याला झोप लागू लागली, ही लहान गोष्ट नाही.

चिठ्ठ्या टाकणे न्यायाचे आहे का?

यापेक्षा अवघड प्रश्न दुसरा आहे. दोघे सारखेच दुःखी असताना एकाला उपचार द्यायचा आणि दुसऱ्याला चिठ्ठीच्या भरवशावर बाजूला ठेवायचे, हे न्यायाचे आहे का? तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी बजावले होते, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. तर मग ज्ञानासाठी रुग्णाला वापरणे कसे चालेल?

मला वाटते, चार अटी पाळल्या तर ते न्यायाचे ठरते. पहिली अट ही, की उपचार उपयोगी आहे की नाही, हे खरोखरच ठाऊक नसावे. ठाऊक असूनही रोखून धरले तर ते पाप. ठाऊक नसताना रोखले, तर आपण नक्की काय रोखले हे आपल्यालाच माहीत नसते. कदाचित अपायच रोखला असेल. दुसरी अट, रुग्णाने समजून-उमजून होकार दिलेला असावा आणि नकार दिला तरी त्याची नेहमीची सेवा बंद होऊ नये. तिसरी अट, दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडू नये. कोणाचा जीव धोक्यात दिसला तर प्रयोग बाजूला ठेवून त्याला वाचवावे. चौथी अट बहुधा विसरली जाते. जे सिद्ध झाले ते पुढे सर्वांपर्यंत, विशेषतः गरिबांपर्यंत पोहोचले पाहिजे. ज्यांनी चिठ्ठीचा निकाल स्वीकारला, त्यांच्या त्यागाचे फळ कोणाच्या कपाटात पडून राहू नये.

अपाय रोखला असेल, हे मी उगाच म्हटले नाही. मोठ्या अपघातानंतर जखमींना लगेच एकदा बसवून घडलेला सारा प्रसंग पुन्हा बोलायला लावायचा, अशी पद्धत एके काळी रूढ झाली होती. ऐकायला ती किती योग्य वाटते! ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची परीक्षा झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तेरा महिन्यांनी पाहिले, तेव्हा अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघाताचा दीर्घ मानसिक विकार जडलेला होता. बैठक न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पुढे अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हाही अशा एका बैठकीचा उपयोग दिसला नाही. जखम भरू लागण्यापूर्वीच ती उकरू नये, हे आपल्या आज्या जाणत होत्या. डॉक्टरांना ते मोजून कळले.

आतापर्यंत काय कळले?

आयसेंक यांच्या आव्हानाला पंचवीस वर्षांनी मोठे उत्तर मिळाले. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास या अमेरिकन संशोधकांनी १९७७ साली ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून सांगितले, की मानसोपचार घेतलेली सर्वसाधारण व्यक्ती उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी पंचाहत्तर जणांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. नंतर हा आकडा थोडा खाली आणावा लागला, कारण अयशस्वी प्रयोग पुष्कळदा छापलेच जात नाहीत. अमेरिकी सरकारच्या निधीतून नैराश्यावरील मानसोपचाराचे जे ५५ प्रयोग झाले, त्यांपैकी १३ प्रयोगांचे निकाल कधी प्रसिद्धच झाले नव्हते, असे २०१५ साली उघड झाले. ते मिळवून हिशेबात घेतल्यावर उपचाराचा परिणाम सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरला. कमी भरला, पण शून्य झाला नाही. उपचार घेणाऱ्यांपैकी अंदाजे पाच ते दहा टक्के जणांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते, हेही आता मान्य झाले आहे.

आणखी एक गंमतीची आणि विचार करायला लावणारी गोष्ट आढळली. मानसोपचाराच्या पद्धती अनेक आहेत. कोणी बालपण उकलतो, कोणी विचारांच्या सवयी बदलायला शिकवतो, कोणी नातेसंबंधांवर काम करतो. प्रत्येक पद्धतीचे अनुयायी आपलीच पद्धत श्रेष्ठ मानतात. पण समोरासमोर तुलना केली, तर नैराश्यासारख्या त्रासात बहुतेक पद्धतींचे फळ जवळजवळ सारखेच येते. सॉल रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच हे ओळखले होते. ‘ॲलिस’च्या गोष्टीतील डोडो पक्षी शर्यतीनंतर सर्वांनाच बक्षीस देतो, त्याची त्याने आठवण करून दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९८९ साली सुमारे अडीचशे रुग्णांवरील सोळा आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यात दोन प्रकारचे मानसोपचार होते, एक औषध होते आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी होती. गोळी देणारा डॉक्टर दर आठवड्याला थोडा वेळ आपुलकीने विचारपूसही करत असे. सौम्य नैराश्याच्या रुग्णांत चारही गटांत फारसा फरक पडला नाही. आजार तीव्र होता तिथे मात्र औषधाचा फायदा स्पष्ट दिसला.

सर्व पद्धतींत समान काय असते? ऐकून घेणारा एक माणूस, ठरलेली वेळ, गुप्ततेची खात्री, दुखण्याचे काहीतरी समजण्याजोगे स्पष्टीकरण आणि ‘यातून वाट आहे’ ही आशा. रुग्ण आणि उपचारक यांचे नाते जिथे चांगले जुळते तिथे गुण जास्त येतो, हे शेकडो अभ्यासांत दिसले आहे. याचा अर्थ शिक्षण नको, कोणीही चालेल, असा मात्र नाही. मंत्रचळासारख्या आजारात नुसती आपुलकी पुरत नाही. तिथे भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्याचा शास्त्रशुद्ध सराव करून घ्यावा लागतो.

गोव्यातील एक प्रयोग

हे सारे श्रीमंत देशांतले झाले. आपल्याकडे काय? आपल्या शेजारच्या गोव्यातच याचे उत्तर शोधले गेले आणि ते जगभर वाचले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण अगणित, तेव्हा सामान्य माणसांनाच शिकवून तयार केले तर, असा त्यांचा विचार होता.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ व्यक्ती या प्रयोगात सामील झाल्या. त्यांत स्त्रिया अधिक होत्या. अर्ध्या जणांना केंद्रातील डॉक्टरची सेवा मिळाली. या रुग्णाला नैराश्य आहे हे डॉक्टरला कळवले होते आणि उपचाराची मार्गदर्शिकाही दिली होती. उरलेल्यांना याशिवाय सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारे स्थानिक स्त्रीपुरुष होते. मानसशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. प्रशिक्षण आणि देखरेख मात्र काटेकोर होती. पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि सोडत गेल्याने आणखी खचतो. म्हणून पुन्हा लहान लहान कामे ठरवायची, अडचणींवर एकेक करून उपाय शोधायचे, घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा आधार जोडायचा.

यात नवे काय, असे वाटेल. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. आनंद देणाऱ्या गोष्टी, मोकळेपणी रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि पाचवा उपाय, झोप व स्नान! एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने दुःखी माणसाला ‘आंघोळ कर, झोप घे’ असे सांगावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटते. गोव्यातील समुपदेशक त्याच वाटेने गेले. फरक एवढाच, की त्यांनी मोजून पाहिले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले होते. ज्यांना समुपदेशन मिळाले नाही, त्यांच्यापैकी ३९ टक्के. वर्षभरानंतर हे आकडे ६३ आणि ४८ होते. त्याच संस्थेने दारूच्या समस्येवर असाच प्रयोग केला. तिथे फळ कमी आले. ३६ आणि २६ टक्के.

तीन आकडे, तीन कर्तव्ये

आता या आकड्यांपाशी थोडे थांबू या. समुपदेशन घेतलेले शंभर जण डोळ्यांसमोर आणा. त्यांतले ६४ बरे झाले. पण यांतले सुमारे ३९ समुपदेशनाशिवायही सावरले असते. ढोबळमानाने पंचवीस जण असे, की जे समुपदेशनामुळेच सावरले. आणि छत्तीस जण असे, की सारे करूनही ज्यांना गुण आला नाही.

नुसते बोलून काय होते, याचे उत्तर या पंचवीस जणांत आहे. शंभरांत पंचवीस घरांतली चूल पुन्हा पेटली, पंचवीस आया मुलांकडे पाहून पुन्हा हसल्या. सहा-आठ भेटींत एवढे साधत असेल, तर ‘काही होत नाही’ असे म्हणून कोणाला रोखणे हा अपराध ठरेल. शंभरांत शंभर नाहीत, म्हणून ‘जादू’ म्हणणेही खोटे ठरेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या ६४ जणांतले ते पंचवीस कोणते, हे कोणीही सांगू शकत नाही. समुपदेशक सांगू शकत नाही आणि ती व्यक्ती स्वतःही सांगू शकत नाही. बऱ्या झालेल्या प्रत्येकाला वाटते, मी यामुळेच बरा झालो. जो दुसऱ्याला आधार देतो, त्याने हे मनात ठेवावे. समोरचा आभार मानील तेव्हा ते नम्रपणे स्वीकारावेत, पण ‘मीच याला वाचवले’ असे मनात आणू नये. कदाचित काळाने वाचवले असेल, शेजारणीने रोज आणून दिलेल्या वाटीभर कालवणाने वाचवले असेल. श्रद्धावंत माणूस या साऱ्यामागे देवाची कृपा पाहतो. पण त्यालाही कृपेचा हिशेब आपल्या खात्यावर मांडता येत नाही.

आणि ते छत्तीस? माझ्या दृष्टीने या साऱ्या अभ्यासाचे खरे मोल इथे आहे. ज्यांना गुण येत नाही त्यांना आपण काय म्हणतो ते आठवा. ‘तू मनावर घेत नाहीस.’ ‘तुझी प्रार्थना कमी पडते.’ ‘इतके जण बरे झाले, तुलाच काय झाले?’ आजाराचे ओझे असतेच, त्यावर आपण अपराधाचे ओझे ठेवतो. चांगला उपचार, चांगली माणसे, काटेकोर देखरेख असतानाही शंभरांत छत्तीस जणांना तीन महिन्यांत गुण आला नाही, हे कळल्यावर तसे बोलायला आपली जीभ धजू नये. एक उपाय लागू पडला नाही, एवढेच सिद्ध झाले. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे, औषधे आहेत, दोन्हींची जोड आहे. आणि त्या मधल्या काळात त्यांच्याजवळ बसणारा कोणीतरी हवा आहे.

ॲरिस्टॉटलने म्हटले आहे, की वैद्य ‘मानव’ या कल्पनेला बरे करत नाही, तो समोरच्या कॅलियसला किंवा सॉक्रेटिसला बरे करतो. आकडे शंभर जणांबद्दल सांगतात. आपल्या दाराशी येणारा एकच असतो आणि तो कोणत्या गटातला, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. कोणता उपाय आधी करून पाहावा, हे आकडे सांगतील. त्या एकाला किती दिवस साथ द्यायची, हे आकडे सांगत नाहीत. ते आपल्याला सुवार्तेने आधीच सांगितले आहे.

म्हणून काही साध्या सूचना करतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि रोजचे काम होईनासे झाले, तर डॉक्टरला दाखवा. मरणाचे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. समुपदेशकाला त्याचे शिक्षण आणि पद्धत विचारण्यात संकोच करू नका. दीड-दोन महिन्यांत काहीच फरक वाटला नाही तर तसे मोकळेपणाने सांगा. चांगला उपचारक रागावणार नाही, दुसरा मार्ग सुचवील. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ‘शंभर टक्के हमी’ देणाऱ्यापासून दूर राहा, मग तो डॉक्टर असो की प्रार्थना करणारा. केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबर महिन्यात सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक घरातील फोनजवळ लिहून ठेवा.

आणि आपल्या आळीत, आपल्या वाडीत बराच काळ दिसला नाही असा कोणी असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी एकदा जाऊन या. उपदेश करू नका. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर थोडा वेळ बसा आणि पुन्हा येईन म्हणून सांगा. मग खरोखरच पुन्हा जा.